सातव्या सर्व्हरचा पॅच

रविवारी भर दुपारी ती हॉस्पिटलच्या सर्व्हर रूममध्ये एकटीच पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, बसवत होती. सहा युनिक्स सर्व्हरचं काम बिनबोभाट पार पडलं. सातव्यावर रुग्णांच्या सगळ्या नोंदी होत्या. पॅच बसला, आता ती सर्व्हर रीस्टार्ट करणार, तोच स्क्रीनवर ओळ उमटली: "थांब गं बयो. आधी बॅकअप घे."

तिने पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. ओळ मामाच्या अकाउंटवरून आली होती. इथेच हे काम तिला शिकवणारा, तिला 'बयो' म्हणणारा मामा जाऊन वर्ष झालं होतं. ते अकाउंट तिनेच, डोळे पुसत, बंद केलं होतं.

"कोण आहे?" तिने टाइप केलं.

तिने मुकाट्याने बॅकअप घेतला आणि मग रीस्टार्ट केलं. रीस्टार्ट होतानाच सर्व्हरची डिस्क बंद पडली, ती कायमचीच. बॅकअप होता म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्या नोंदी दुसऱ्या मशीनवर परत आल्या.

मग तिने धीर करून सगळ्या सर्व्हरच्या हालचाली वेळेसह नोंदवणारा लॉग उघडला. मामाच्या अकाउंटचा मागमूस नव्हता. बॅकअप मात्र तिने कमांड देण्याच्या चार मिनिटं आधीच सुरू झाला होता.

तिने मामीला फोन लावला, पण "बरी आहेस ना गं?" एवढंच विचारून ठेवून दिला.