दुसरी सही

“बाराभाईंची खेती, काय लागेल हाती!” साहेब दारातूनच म्हणाले. “सर्व्हरच्या सुरक्षेत भोक सापडून चार दिवस झाले. अपडेट कुठंय?”

“दादा तपासतायत. त्यांची सही झाली की सोडते,” ती म्हणाली.

रुग्णालयाच्या संगणकखोलीत तिची बारा वर्षं गेली होती. इथले सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालत ते फुकट मिळतं, एवढंच साहेबांना ठाऊक. ते ज्या कंपनीच्या कामावरून बनायचं, तिने एके दिवशी आपलं काम इतरांना देणं बंद केलं. तेव्हा ठिकठिकाणच्या अकरा जणांनी ‘आपण चालवू’ म्हणून कंबर कसली. त्यात ती होती. मग कुणाला मूल झालं, कुणाची नोकरी गेली, कुणी नुसतंच बोलेनासं झालं. उरले दोघं, ती आणि दादा. सात वर्षांत भेट नव्हती. पण तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दादांनी तीन महिने तिच्या वाटणीचं काम मुकाट्याने उपसलं होतं. नियम एकच होता: एकाने दुरुस्ती करायची, दुसऱ्याने तपासून सही करायची.

दुपारी फोन आला. बाईचा आवाज अनोळखी होता.

“तुम्ही ज्यांना दादा म्हणता ना, मी त्यांची बायको. गुरुवारी गेले हो. खुर्चीतच. तुमचा नंबर टेबलावर चिकटवलेला होता. आज कुठे धीर झाला.”

“जेवले होते का?” तिने विचारलं, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

“नाही. म्हणाले, तू वाढ, एवढं तपासून आलोच.”

ते लिनक्स वापरणाऱ्यांच्या ईमेल-यादीवर तिने लिहिलं: दादा गेले. तपासायला कुणीतरी हवं आहे. संध्याकाळपर्यंत दोनशे उत्तरं आली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. साठेक जणांनी खाली विचारलं होतं, अपडेट कधी? ‘मी येतो’ असं एकानेही लिहिलं नव्हतं.

तिने दुरुस्ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. एका रिकाम्या मशीनवर तीनदा चालवून पाहिली. मग एकटीनेच सही केली आणि दुसऱ्या सहीच्या जागी लिहिलं, ‘दुसऱ्या कुणी तपासलेलं नाही.’ त्याखाली लिहिलं, ‘हे शेवटचं अपडेट. सहा महिन्यांत दुसरी सोय पाहा.’

सगळ्यांना अपडेट पोचवणारं मशीन दादांच्या खोलीतच होतं. तिने फोन लावला.

“वहिनी, ते मशीन चालू आहे ना?”

“आहे की. बंद करायला हात धजत नाही. खोलीत कुणी असल्यासारखं वाटतं.”

“आठवडाभर राहू द्या. सगळ्यांना पोचलं की बंद कसं करायचं ते मी सांगते.”

आठवड्याने, सकाळी, तिने फोनवर मशीन बंद करायच्या आज्ञेचं एकेक अक्षर सांगितलं. वहिनी एका बोटाने दाबत होत्या. मध्येच चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून.

“आता ते लांबट बटण दाबा.”

पलीकडून मशीनच्या पंख्याची घुंघुं ऐकू येत होती. ती हळूहळू उतरत गेली.

“थांबलं,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.