भुवईबाईंची वेणी

"मान सरळ," आई म्हणाली, आणि बाईंनी मान सरळ केली.

आई पलंगाच्या कडेला बसलेली, बाई खाली चटईवर, आईच्या दोन गुडघ्यांमध्ये अडकलेल्या. बाईंचं वय बावन्न. लायसन्सच्या ऑफिसात गाडी चालवायची परीक्षा घेणं हे त्यांचं काम. ट्रक असो की बस, अरुंद बोळातून उलटी काढून दाखवायच्या. पण कमरेखाली पोचणाऱ्या स्वतःच्या केसांची वेणी काही त्यांना घालता येत नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी ती आईने घातली आणि तेव्हापासून आजतागायत आईच घालत आली होती. मधल्या काळात वडील गेले, धाकटी बहीण लग्न होऊन गेली, बाईंचं लग्न ठरता ठरता राहून गेलं. वेणी मात्र एकदाही राहिली नाही.

आणि वेणी तरी कशी! सैल केस म्हणजे सैल डोकं, असं आईचं ठाम मत. भरपूर तेल चोपडायचं, केसांचा मनगटाला एक वेढा द्यायचा, पाय चटईत रोवायचे आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तसे पेड ओढायचे. शेवटी रबर बसेपर्यंत बाईंच्या कपाळाची कातडी मागे सरकलेली असायची. भुवया वर चढायच्या त्या दिवसभर तिथेच राहायच्या.

या भुवयांवर बाईंची सगळी नोकरी उभी होती. त्या शेजारच्या सीटवर नुसत्या येऊन बसल्या तरी परीक्षेला आलेल्या माणसाची पाचावर धारण बसायची. बाई खरं तर समोरच्या झाडावरची खार बघत असायच्या, पण चालवणाऱ्याला वाटायचं, आपली चूक बाईंना दिसली. मग तो घाईघाईने ती चूक करून टाकायचा. ब्रेक दाबायला जाऊन वायपर चालू करायचा, नाहीतर पुढे जायचं सोडून मागच्या खांबाला भेटून यायचा. पाठीमागे सगळे त्यांना भुवईबाई म्हणत. बाईंच्या कानावर ते होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचंही. घरात आईच्या शब्दाबाहेर नसलेल्या बाईला बाहेर कुणीतरी घाबरतं, एवढी एकच चैन त्यांच्या वाट्याला आली होती.

त्या दिवशी मैदानावर एक दूधवाला आला. आधी दोन वेळा नापास झालेला. गाडीत बसला, बाईंकडे पाहिलं आणि चक्क हसला. मग म्हशीच्या तब्येतीबद्दल बोलत बोलत त्याने आठचा आकडा सुरेख काढला, गाडी उलटी घेऊन रेषेत लावली आणि वर बाईंना चहा झाला का म्हणून विचारलं. त्याच्या मागचा पास झाला. त्याच्यामागची, जी गेल्या खेपेला स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली होती, तीही पास झाली. दुपारी शिपायाने पाणी ठेवता ठेवता हळूच विचारलं, बाईंना बरं नाही का, घरी जायचंय का.

बाईंनी गाडीच्या आरशात डोकावून पाहिलं. आत गरीब चेहऱ्याची, जरा झोपाळू अशी एक बाई बसली होती. भुवया सगळ्यांच्या असतात तिथे होत्या. त्यांनी मागे हात नेला. वेणी नुसती लोंबत होती.

आईने आळस केला, म्हणून आधी त्यांना रागच आला. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या आरशातून त्यांनी आईवर नजर ठेवली. आईने केस मनगटाला गुंडाळले. पाय रोवले. खालचा ओठ दातांत धरला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, धाप लागली, इतकी ती ओढत होती. आणि बाईंच्या डोक्याला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

"बघ, आज कशी घट्ट बसलीय," आई धापा टाकत म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या आणि आरशातून नजर काढून घेतली.

पण नोकरी होतीच. बाई निवळल्यात, ही बातमी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांत पसरली आणि वर्षानुवर्षं नापास होऊन घरी बसलेले लोक गाड्या भरभरून येऊ लागले. बाईंनी आपल्या ताकदीवर भुवया चढवून पाहिल्या. तासाभरात कपाळ ठणकायला लागलं आणि एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, "ताई, कशाचं एवढं नवल वाटलं?" शेवटी टायपिस्ट मुलीला दया आली. तिने बाईंना बाथरूममध्ये नेलं आणि वेणी सोडून अशी काही करकचून घातली की दुपारनंतर पास होण्याची कुणाची बिशाद झाली नाही. शिपायाच्याही जिवात जीव आला.

संध्याकाळी वेणी सोडायची ती आईनेच. दोन पेड सुटले आणि आईची बोटं थांबली. आई पहिला पेड उजवीकडून घ्यायची. हा डावीकडून घेतलेला होता.

"ही माझी नाही," आई म्हणाली.

ज्यांच्यापुढे भल्याभल्यांची त-त-प-प व्हायची त्या बाईंची आता तीच गत झाली. वाऱ्याने सुटली म्हणाल्या, मग दरवाजात अडकली म्हणाल्या, शेवटी ऑफिसातल्या एका मुलीने घातली म्हणून कबूल झाल्या.

"घट्ट घालते ती," एवढंच आई म्हणाली आणि जेवताना भाताला नको म्हणाली.

सकाळी आई पलंगावर पेपर वाचत बसली होती. कंगवा टेबलावर. आता तिकडेच घालून घेत जा, मलाही सकाळचा आराम, असं तिने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं. बाई मोकळ्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. भुवयांचा धाक गेला तर आपलं काय जाईल, हा हिशोब त्यांनी तिथल्या तिथे केला. फार काही जाणार नव्हतं. पण आईकडे हे एकच काम उरलं होतं, आणि तेही तिच्या हातून गेलं तर ती दिवस कशाने सुरू करील? बाई चटईवर जाऊन बसल्या. ऑफिसची वेळ झाली, टळली. दोघीही हट्टाला पेटलेल्या. अखेर मोकळे केस आईला बघवेनात. तिने पेपर घडी करून ठेवला आणि कंगवा घेतला.

पहिला पेड ओढला गेला, न ओढल्यासारखा.

"आई गं!" बाई ओरडल्या.

आईचे हात थांबले. "काय झालं?"

"दुखतंय. किती ओढतेस! ती मुलगी घालते ते कळतसुद्धा नाही."

आरशात बघायचा बाईंना धीर झाला नाही.

"दुखणारच," आई म्हणाली. "तिला काय, परक्याचं डोकं." आणि पाय रोवून तिने दुसरा पेड ओढला.

"आई गं!"

"फारच दुखतं का?"

"डोळ्यांत पाणी आलंय, बघ."

आईने वाकून बघितलं. पाणी खरंच होतं. ते तिने पदराने पुसलं, बाईंची मान सरळ केली आणि मोठ्या मनाने म्हणाली, "बरं, रडू नकोस. उद्यापासून जरा सैल घालत जाईन."