एक्केचाळीस नंबरची ओळ

अपूर्वा मॅडमनी एक्केचाळीस नंबरच्या, कुंडीत उगवलेल्या रोपांची कोवळी पानं तिसऱ्यांदा मागवली, तेव्हा महादेवीने ती खुडली, पण प्रयोगशाळेच्या पायरीवर तिचा पाय अडला.

नांदेडजवळच्या कापूस केंद्रावर ती एकतीस वर्षं होती. देशी कापसाच्या जुन्या वाणांचं बियाणं जपायचं, हे तिचं काम. दरसाल प्रत्येक नंबरची एक ओळ पेरायची, फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीचं तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे शेजारच्या ओळीचे पराग आत शिरत नाहीत. मग बोंडं वेचून सरकी त्या त्या पाकिटात भरायची. साहेब येत, बदलून जात. पाकिटात कुणी डोकावत नसे. जुलैअखेर ती निवृत्त होणार होती. डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहिलेल्या नातीला, पुनमला, दोन वेळा ताजं करून घालायचं ठरलं होतं. बाईंनी एकही नंबर रिकामा जाऊ दिला नाही, असं साहेब पाहुण्यांना सांगत. निरोपालाही तेच सांगणार होते.

अपूर्वा लातूरचीच. वैद्यकीयचा प्रवेश दोनदा हुकला आणि ती इकडे, कापसाच्या संशोधनाकडे वळली. कापसाच्या डॉक्टरीणबाई, असं महादेवी तिला चिडवायची. आज अपूर्वाचे डोळे लाल होते.

"माझंच काहीतरी चुकायलंय, मावशी."

चाळीस आणि एक्केचाळीस या कापसाच्या दोन वेगळ्या जाती. त्या एकमेकींपासून कधी तुटल्या, ते अपूर्वा मोजत होती. झाडाच्या पेशीत काही तुकडे असतात, ते स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन बसतात, असं तिने सांगितलं. बसताना तुकड्याची दोन्ही टोकं हुबेहूब सारखी असतात. पुढे प्रत्येक टोक आपापल्या परीने बिघडत जातं. दोन टोकांत किती फरक पडला ते मोजलं की तुकडा केव्हा बसला ते कळतं. दोन्ही जातींत एकाच जागी सापडला तर तो वाटणीआधीचा, एकीतच सापडला तर नंतरचा.

"मंजी एकत्र घरातलं सामान, अन् वायलं निघाल्यावर घेतलेलं."

"हाव. तसंच."

अंतर काही लाख वर्षांचं निघायला हवं होतं. पण या दोघींत वाटणीनंतरचा एकही तुकडा सापडत नव्हता, जणू दोन्ही एकच जात. नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल केली असणार, असं वरिष्ठांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. पुन्हा असंच आलं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

महादेवीने पानं टेबलावर ठेवली. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. दीड महिनाच उरला होता.

"नळ्या बरोबर हायेत, म्याडम. पाकीट खोटं हाय."

मग तिने सांगितलं. भूकंपाच्या साली ती औशाकडच्या माहेरी धावली. आई आणि दोन भाऊ ढिगाऱ्यातून निघाले ते जाळायलाच. दोन महिन्यांनी परतली, तर एक्केचाळीसची ओळ गुरांनी फस्त केलेली. जुनी सरकी त्याच साली सगळी पेरून संपलेली.

"तवा समदंच रिकामं झालं हुतं. ते एक पाकीट रिकामं बगवंना. शेजारच्या चाळीसची दोन मुठी सरकी टाकली त्यात."

त्या ओळीची कळी न् कळी ती पंचवीस वर्षं बांधत आली होती.

अपूर्वाने नोंदवही पुढे ओढली. "मला हे लिहावं लागंल, मावशी. तुमच्या निरोपाच्या आधीच."

"लिव्हा. माज्या नावानं लिव्हा. तुमच्यावर कामून येऊ द्यायचं?"

खरं बियाणं दुसऱ्या केंद्राकडून येणार होतं, पण पुढच्या साली. मृगात महादेवीने चाळीस पेरली, एक ओळ सोडली, बेचाळीस पेरली.

निरोपाच्या दिवशी साहेबांचं भाषण लवकर आटपलं. हार, नारळ, साडी झाली. चहाच्या वेळी अपूर्वा तिला शोधत शेतावर आली, तर महादेवी हार बांधावर ठेवून, पदर खोचून मोकळ्या ओळीत खुरपत बसली होती.

"इथं काय खुरपायलाव, मावशी?"

"गवत माजलं तर पुढल्या साली वळ सापडायची न्हाई," महादेवी म्हणाली, आणि एक पाऊल पुढे सरकली.