कोंबड्या डालायची वेळ

"ह्या घ्या परत," म्हणत गिरजाने गोळ्यांच्या पट्ट्या औषधाच्या खिडकीत ठेवल्या. "उरल्यात. नव्या कशाला देता, ह्याच चालतील."

भगीरथ विशेने चष्मा कपाळावरून खाली नाकावर आणला. गिरजाच्या मागे तिची पोरगी सावळी उभी होती. चौदा-पंधरा वर्षांची, उजव्या तळहाताला पांढरी पट्टी. आठवड्यापूर्वी चुलीजवळ बसली असताना तिला फिट आली आणि हात निखाऱ्यात गेला. डॉक्टर आरती मॅडमनी आत्ताच तपासून दिलेली चिठ्ठी भगीरथच्या हातात होती. फिट थांबत नाही, म्हणून रात्रीची गोळी एकाऐवजी दोन. आणि इथे रात्रीच्या गोळ्यांच्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या. सकाळच्या मात्र संपलेल्या.

"ह्या उरल्या कशा?"

"नाय लागल्या."

"नाय लागल्या म्हणजे? रोज रात्री एक द्यायची होती ना?"

"रोज कशी?" गिरजाच त्याच्याकडे नवलाने पाहू लागली. "तुमीच चांद काढून दिला ना."

तिने कमरेची पिशवी सोडली. प्लास्टिकमध्ये जपून गुंडाळलेलं कागदी पाकीट काढून तिने त्याच्यासमोर धरलं. पाकीट त्याचंच होतं. निळ्या पेनाने काढलेली नाजूक चंद्रकोर आणि बाजूला पाच टोकांची चांदणी.

"ही कोर हाय ना? अवस झाली, कोर दिसाया लागली का दिली. चांद मोठा झाला का बंद. परत कोर आली का परत चालू. ढग असले तरी अंदाजानं दिली. एक पन कोर चुकवली नाय." मग ती थोडी खाली वाकून, गुपित सांगावं तशी बोलली, "चांदनीचं मातर मी सोडून दिलं. ती चांदाजवळ कदी येते, कदी नाय. तिच्या नादी लागलो असतो तं वर्साला दोन गोळ्या झाल्या असत्या."

रांगेत मागे उभा असलेला संदेश रिक्षावाला फसकन हसला. भगीरथला हसू आलं नाही.

"अगं, पण चांद बघून औषध देतं का कोणी?"

"देतात ना. आमचा भगत मुळी देतो ती अवसेला खनलेली. झाडाची साल काढायची ती पन पुनवेला नाय काढत. मी बोललो घरवाल्याला, सरकारला पन ठावं झालं वाटतं."

तो चिठ्ठी घेऊन उठला आणि आत गेला.

आरती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी पुढे ओढली आणि दोनाच्या आकड्यावर काट मारून एक लिहिला. "म्हणजे औषध कमी पडत नव्हतं. पोटात जातच नव्हतं. आणि मी दुप्पट करायला निघाले होते." मग त्या म्हणाल्या, "वीटभट्टीवर कधी निघणार ही मंडळी?"

"परवा. वाशिंदच्या पलीकडे कुठेतरी. होळीपर्यंत येणार नाहीत."

"तिथे सगळीकडे आगच. आणि विचारायला कोणी नाही." त्यांनी चिठ्ठी परत केली. "भगीरथदादा, रांग सिस्टर बघतील. तुम्ही त्यांना समजेल असं काहीतरी काढून द्या. तो चांद मलाही फार आवडायचा, पण ते जाऊ दे."

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आरोग्य केंद्रात भगीरथला नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. पाकिटावर सकाळ-दुपार-रात्रीसाठी एक-शून्य-एक लिहायची पद्धत होती आणि वाडीवरच्या माणसांना ती वाचता येत नव्हती, म्हणून त्याने आपण होऊन चित्रं काढायला सुरुवात केली. शाळेत असताना तो चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांना बसला होता. त्यांचे चित्रकलेचे सर फळ्यावर एकेक शब्द लिहून समजावून सांगत. रेषा, आकार, रंग, अवकाश. मग तोल, लय, उठाव. डावीकडे जड वस्तू काढलीस तर उजवीकडे काहीतरी दे, नाहीतर कागद कलंडेल, असं ते म्हणत. भगीरथला पुढे चित्रकला शिकायची होती. घरच्यांनी औषधाच्या कोर्सला घातलं. त्याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती, पण हातातलं पेन मधूनमधून चुळबुळ करायचं आणि तेवढी हौस या बोटभर पाकिटांवर भागायची.

आता खुर्चीत बसून त्याने आपलंच चित्र नीट पाहिलं. कोर डावीकडे होती. उजवी बाजू रिकामी दिसत होती. म्हणून तिथे चांदणी आली होती. ती त्याने औषधासाठी काढलीच नव्हती. तोल सांभाळायला काढली होती. आणि गिरजाने महिना-दीड महिना चांद बघताना ती चांदणीही आभाळात शोधून पाहिली होती.

त्याला एकदम बाकीची पाकिटं आठवली. ब्लडप्रेशरचे म्हातारे, दम्याच्या बायका. कोणाकोणाला आपण चंद्रकोर दिली? त्यातल्या किती जणांनी वाट पाहिली असेल आणि विचारायला नको म्हणून गप्प राहिले असतील? तो कोरी पाकिटं आणि पेन घेऊन बाहेर आला आणि ओसरीच्या पायरीवर गिरजा आणि सावळीच्या शेजारी बसला.

"गिरजाबाई, चुकी माझी झाली. ही गोळी रोज रात्रीची. चांद असो नसो."

"असं होय. मंग बोलला का नाय?"

"बोललो होतो गं. रात्री, असं बोललो होतो."

"बोलला असाल. मी चित्राकडं बघत होतो. चांगला काढलेला."

ही स्तुती होती, पण ती त्याला झोंबली. त्याने पहिलं पाकीट गुडघ्यावर ठेवलं आणि चटईवर आडवा झालेला माणूस काढला. "हे बघ. निजायची वेळ. कळतं?"

गिरजाने पाकीट लांब धरून पाहिलं. "हा मेलेला."

"बरं." त्याने दुसऱ्या पाकिटावर भाताने भरलेलं ताट काढलं. "रात्रीचं जेवण झालं की गोळी."

"आन ज्या दिसी चूल पेटली नाय त्या दिसी?"

ती हे सहज बोलली, भाव विचारावा तसं. भगीरथने ताट खोडलं. दिवा काढू लागला तर गिरजा म्हणाली, भट्टीवर बल्ब सांजेपासून उजाडेपर्यंत जळतो, त्यात येळ कुठली कळते. त्याने पेनाचं टोपण लावलं.

"तूच सांग. काही झालं, कोणी आजारी असलं, पाव्हणे आले, कामाचं लफडं असलं तरी अंधार पडताना रोज काय करताच तुम्ही? इथे पण आणि भट्टीवर पण."

गिरजा विचारात पडली. रस्त्यावरून विटांचा रिकामा ट्रक धडधडत गेला. तिने सावळीकडे पाहिलं आणि दोघी जवळपास एकदमच बोलल्या.

"कोंबड्या डालतो."

"भट्टीवर नेता कोंबड्या?"

"मंग हितं कोनाच्या जिवावर टाकू? मुंगूस टपलाय. टेम्पोत पोरं मागं, कोंबड्या पुढं."

कोंबड्या डालायच्या म्हणजे संध्याकाळी त्यांना हाकून एका जागी आणायचं, वरून बांबूचं मोठं डालगं पालथं घालायचं. हे भगीरथच्या आईनेही जन्मभर केलं होतं. त्याने उत्साहाने मोठी थोरली कोंबडी काढली. तुरा, पिसं, शेपटीचा झोकदार बाक. सावळी पहिल्यांदाच किंचित हसली.

"झ्याक हाय," गिरजा म्हणाली. "अंडं दील. पन ही दिसाची कोंबडी. उंडारते."

मग त्याने कोंबडीवर डालगं काढलं आणि विणीतून आतली कोंबडी दाखवली. झाकल्यावर कशी दिसंल, असं गिरजाने विचारलं. त्याने नुसती मान बाहेर ठेवली.

"ही निसटली. ही काय आता हाती येत नाय."

शेवटी वैतागून त्याने कोंबडी काढलीच नाही. एक अर्धगोल, त्यावर आडव्याउभ्या विणीच्या रेषा. गिरजाने कागद असा फिरवला, तसा फिरवला. "डोंगर हाय का? माहुलीचा?"

"दगड," सावळी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती सहसा बोलत नसे. फिट यायला लागल्यापासून वाडीतली माणसं तिच्याशी बोलतच नसत, तिच्याविषयी बोलत. तिने डाव्या हाताने भगीरथच्या बोटांतलं पेन काढून घेतलं आणि अर्धगोलाच्या डोक्यावर एक वेडावाकडा गोळा काढला. मग तो गिरवत बसली. पेन इतकं दाबलं की कागद फाटतो की काय असं वाटलं. गडद, जड, ओबडधोबड दगड.

"दगड नाय ठेवला तं मुंगूस डालगं उलटतो," ती खाली बघत म्हणाली.

"हां," गिरजा म्हणाली. "आता आत हायेत."

आणि खरंच त्या आत होत्या. एकही कोंबडी काढलेली नव्हती तरी तिघांनाही दिसत होत्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. भगीरथ कागदाकडे बघतच राहिला. त्याच्या त्या नीटस विणीकडे लक्षच जात नव्हतं. डोळा आधी दगडावर जाई, मग डालग्यावर उतरे. उजवीकडची, डावीकडची जागा मोकळी होती आणि काही कलंडत नव्हतं.

पण तिघांना दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसेलच असं नाही, असा विचार त्याच्या मनात आला. चांदाच्या बाबतीत त्याने हेच गृहीत धरलं होतं. समोर चिंचेखाली गिरजाचा नवरा नवसू विडी ओढत बसला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. भगीरथ पाकीट घेऊन त्याच्याकडे गेला.

"नवसू, हे काय आहे रे?"

नवसूने विडी तोंडातून काढली. "कोंबड्या डालल्यात." मग संशयाने वर पाहिलं. "का? कोनाची चोरी झाली? आमी नाय गेलो तिकडं."

भगीरथला आता हसू आलं. परत येऊन त्याने जाड मार्करने रात्रीची सगळी पाकिटं तयार केली. अर्धगोल, तीनच रेषा, वर दगड. सकाळच्या पाकिटावरचा सूर्य ठेवायचा का, असं त्याने विचारलं.

"ठेवा. सूर्य रोज येतो."

"पावसात?"

"ढगामागं असतोच ना. चांदाचं तसं नाय. तो नसतोच."

तिसऱ्या दिवशी टेम्पो गेला.

पुढच्या महिन्यांत औषधाच्या खिडकीपुढची रांग लांबू लागली. भगीरथने चंद्र बंद केला होता आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो एकच प्रश्न विचारत होता. अंधार पडताना तुम्ही रोज काय करता? जना म्हातारीकडे कोंबड्या नव्हत्या. शेवटची एसटी वळते तेव्हा मी दार लावते, असं ती म्हणाली, म्हणून तिच्या पाकिटावर एसटी आली. तिला आधी एसटी दाखवली तेव्हा तिने चाकं मोजली आणि मागची दोन कुठे गेली म्हणून विचारलं. "दादा, चित्रकलेची परीक्षा चालू हाय काय?" असं संदेश रोज ओरडे. जुने पेशंट आले की भगीरथ आधी उरलेल्या गोळ्या मागे. काहींच्या पिशवीत त्या निघत. तेव्हा तो नवं पाकीट करी.

माघात बातमी आली. पडघ्यापासून वाशिंदपर्यंत कोंबड्यांना मर आली होती. भट्ट्यांवर तर एकही उरली नाही, असं कोणीतरी बोलता बोलता सांगून गेलं. भगीरथच्या हातातली पट्टी तशीच राहिली. पोरीचं औषध आपण कोंबड्यांच्या गळ्यात बांधलं होतं. चांद निदान महिन्याने परत येत होता. गिरजाचा फोन नव्हता. मुकादमाचा नंबर कोणाकडूनतरी मिळाला, तो लागला नाही.

होळीला भट्टीवरची माणसं परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत गिरजा उभी होती, मागे सावळी. भगीरथने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"कोंबड्या?"

"गेल्या. सगल्या. सा होत्या, आठ दिसांत एक नाय राहिली." गिरजाने पदराने तोंड पुसलं. "तलंगी तं अंड्यावर यायला लागली होती."

"आणि गोळ्या?"

गिरजाने पिशवीतून पट्ट्या काढून ठेवल्या. सकाळच्या आणि रात्रीच्याही, सगळ्या रिकाम्या. भगीरथने एकेक उलटून पाहिली.

"फिट?"

"एकदा आली. जत्रेला जागरन झालं तवा. मंग नाय."

"पण कोंबड्या मेल्यावर रात्रीची गोळी..."

"ही ऐकते का?" गिरजाने सावळीच्या पाठीत हलकेच थापटलं. "सांज झाली का डालगं घेते. मोकलंच. झोपडीपुढं पालथं घालते, वर दगड ठेवते, मंग गोळी खाते. भट्टीवरची लोकं हसतात. मी बोललो, अगो, आत कोन हाय? तं बोलते, दादानी तरी आत कुठं काढल्यात."

सावळी खिडकीच्या लाकडावरचा पोपडा नखाने काढत होती. तिने मान वर केली नाही.

दगड ठेवला की ती लगेच उठतही नाही, गिरजा सांगत होती. कोंबड्या होत्या तेव्हा आतली त्यांची कुजबुज थांबेपर्यंत थांबायची ना, तेवढा वेळ ती अजूनही त्या डालग्याला हात लावून बसते, आणि मग गोळीसाठी पाणी घेते.