राक्षसाचं मढं कुणी उचललं?

"महेंद्र, हे काय लिहून आणलंय तुम्ही?" रविराज सरांनी चष्मा काढला आणि माझा निबंध टेबलावर टाकला. "'मृतदेह पुरुषाचा. उंची तीन माणसांएवढी. उजव्या कुशीत भाल्याच्या सात जखमा.' ही कादंबऱ्यांची तुलना आहे, की पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट?"

सवय, दुसरं काय! एकवीस वर्षं मी शिरूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाच्या खोलीत काम करतोय. डॉक्टर सांगतात तिथं कापतो, सांगतात तसं शिवतो. मग नातेवाइकांच्या ताब्यात द्यायच्या आधी चेहरा धुऊन केस विंचरतो. हे शेवटचं मला कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या नियमातही नाही. कंगवा माझा स्वतःचा आहे. अशा माणसाच्या हातात पेन दिल्यावर पहिलं वाक्य असंच यायचं.

"चुकलं सर," मी म्हणालो. "सुरुवात बदलतो. पण मधलं वाचलं का तुम्ही?"

सर वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. दौंडच्या त्या अभ्यासकेंद्रात रविवारी येऊन आम्हा नोकरीवाल्यांना बाहेरून एम. ए. करायला मदत करायचे, चहासुद्धा पाजायचे. विषय त्यांनीच दिला होता: राक्षसांवरच्या दोन कादंबऱ्या घ्या आणि दोन्हींतलं समान सूत्र सांगा. निबंधाला पन्नास गुण, पास व्हायला वीस. माझ्या नोंदणीचं हे शेवटचं वर्ष होतं. ह्या निबंधात गेलो की पाच वर्षांची मेहनत गेली. घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाटीवाल्याकडून नमुनेसुद्धा मागवून ठेवले होते: महेंद्र बन्सी, एम. ए.

दोन्ही कादंबऱ्या मी खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसून वाचल्या. पंचनाम्याचे कागद यायला वेळ लागतो, तेवढ्यात वीस-वीस पानं होतात. हिरव्या पुठ्ठ्याच्या कादंबरीत तळ्यात राहणारा राक्षस आहे. गावातलं पोर बुडालं की त्याच्या नावावर, म्हैस हरवली की त्याच्या नावावर. शेवटी सगळं गाव जमतं आणि त्याला भाल्यांनी मारतं. काळ्या पुठ्ठ्याच्या कादंबरीतला टेकडीवर राहतो. लोक उरलंसुरलं टेकडीच्या पायथ्याला टाकतात, तो रात्री उतरून खातो. एका दुष्काळात त्यालाही संपवतात. तो कोसळतो तेव्हा देवळातल्या घंटा हलतात, इतका मोठा असतो.

आणि मग? हिरव्या कादंबरीतलं पुढचं प्रकरण उघडलं की पहिलंच वाक्य येतं, सकाळी तळ्याचा काठ स्वच्छ होता. काळीत येतं, दुसऱ्या दिवशी टेकडीवर काहीच उरलं नव्हतं.

मी पान मागं उलटून पाहिलं. मधलं पान फाटलं असेल म्हणून शिवण तपासली. मग दुसऱ्या पुस्तकाची तपासली. पानं सगळी जागेवर होती. अरे, तीन माणसांएवढा गडी मरून पडलाय आणि सकाळी काठ स्वच्छ? कुणी केला? साध्या पाच फुटी माणसाला स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना माझी कंबर धरते! दोन मोठे लेखक, दोन जाड पुस्तकं, आणि दोघांनाही मढं उचलणारा माणूस दिसला नाही. हेच दोन्हींतलं समान सूत्र, असं मी लिहिलं. शेवटची दोन पानं सगळी त्याच्यावरच लिहिली. किती माणसं लागली असतील, बांबू किती, दोर किती, वाटेत खांदा किती वेळा बदलला असेल, आणि काम झाल्यावर त्या माणसांना गावानं पाणी वरून ओतलं असेल का, हेही लिहिलं.

"वाचलं मधलं," सर म्हणाले. "चांगलं आहे. भीतीबद्दल लिहिलंय, गावाच्या स्वार्थाबद्दल लिहिलंय. पण ही शेवटची दोन पानं, हे कादंबरीत कुठं आहे?"

"न्हाई ना सर. त्येच तर म्हणतोय मी." मी शुद्ध बोलायचं ठरवून आलो होतो, ते तिथंच संपलं.

"जे लिहिलेलंच नाही, त्याची तुलना करत नाहीत हो. राक्षस हे प्रतीक आहे. माणसाच्या मनातल्या भीतीचं, वाईट वृत्तीचं. आपल्या नोट्समध्ये दिलंय. आणि प्रतीकाला प्रेत नसतं."

"मारताना व्हतं की! रक्त आलं, वास सुटला, घंटा हलल्या. उचलायची येळ आली तवाच बरा प्रतीक झाला त्यो?"

सर हसले. अगदी मनापासून हसले, आणि तेच मला लागलं. "तुम्ही तुमच्या नोकरीतून फार बघताय याच्याकडं," ते म्हणाले.

"मंग कुणाच्या नोकरीतून बघू? आमचं इनामगाव. तिथं खोदकामात तीन हजार वर्षांमागची हाडं निघाली, तर ती उचलायला लांबून लांबून विद्वान आले. ब्रशनं माती झाडत व्हते. हाडांचे फोटो हायत, उचलणाऱ्यांची नावं छापलीत. आन् त्याच गावात माझ्या आज्यानं अर्धा जन्म मेलेली ढोरं ओढली, त्याची एक ओळ कुठं न्हाई. मी ह्या पानांत ती लिहिली, तर म्हणता कादंबरीत न्हाई."

 सरांनी पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी तुमचं वाईट चिंतत नाही. शेवटची दोन पानं काढा. इथंच, आत्ता. टाचणी काढली की झालं. बाकीच्यावर मी तीस गुण देतो. ती ठेवली तर वरून तपासणी होते, मला विचारतात. बारापेक्षा जास्त देता यायचे नाहीत."

टाचणी समोर होती. नखानं उचलली असती तरी निघाली असती. खोटं कशाला बोलू, बोट तिच्यापर्यंत गेलं होतं. आबांच्या हातातले पाटीचे नमुने दिसत होते. पण ही दोन पानं मीच माझ्या हातानं काढली, तर त्या दोन लेखकांनंतर सकाळी काठ स्वच्छ करणारा तिसरा मीच की! मनातून इतका संताप आला की हात आपोआप मागं आला.

"बारा द्या," मी म्हणालो.

"महेंद्र, शेवटचं वर्ष आहे."

"ठाऊक हाय सर. बारा द्या. पण पानं आत राहू द्यात."

त्यांनी बारा लिहिले.  माझी एक झेरॉक्स प्रत होती, ती घडी करून मी शर्टाच्या आत ठेवली आणि निघालो.

न्हावऱ्यापर्यंत एस.टी. मिळाली, पुढं माणसं भरून नेणारी वडापची जीप. सगळी वाट मला आबांची धास्ती. आबांशी माझं एकाच गोष्टीवरून वाजलेलं आहे. मला ही नोकरी लागली, तेव्हा ते तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाबासाहेबांचं ऐकून माझ्या बापानं ज्ये सोडलं, त्ये तू धरलंस." मी म्हणालो, "आबा, पगार हाय, हातमोजे हायत, रजा हाय." ते म्हणाले, "मान हाय का?" त्यानंतर मेलेल्या ढोरांच्या कामाचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. आज्याबद्दल काही विचारलं की आबा उठून बाहेर जायचे. माझी एम. ए.ची पाटी हे त्यांच्या दृष्टीनं त्या सगळ्यावर झाकण होतं.

आबा ओट्यावरच बसले होते. ऊन अजून भिंतीवर होतं. राजश्री, माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली आणि माझं तोंड बघून कप तसाच धरून उभी राहिली.

"झालास का पास?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. झालो असतो. दोन पानं काढ म्हणले, म्या न्हाई काढली."

"आरं, काढायची व्हती की! दोन पानांनी काय आभाळ पडत व्हतं? समद्या वस्तीला सांगून बसलोय मी!" आबांचा आवाज चढला. "असं काय सोनं लिव्हलं व्हतंस त्यात?"

सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवलं. उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली. मग ढोरं ओढणाऱ्या आज्याची ओळ आली. आता आबा उठून जातील म्हणून मी वर बघितलंच नाही. आठ माणसं, दोन बांबू, दोर, खांदाबदल, वरून ओतलेलं पाणी. वाचून संपलं.

आबा उठले नव्हते.

"आठ न्हाई लागत," ते म्हणाले.

"आं?"

"बैलाला चार लागत्यात. चौघंच असायची. आठ कुठनं आणायची? बांबू एकच, पाय बांधून मधनं घालायचा." सत्त्याहत्तर वर्षांचे आबा. डावा हात खांद्यावर नेऊन त्यांनी जागा दाखवली. "हितं घट्टा व्हता माझ्या बापाला. नारळाच्या करवंटीएवढा. लहानपणी मी त्यावर टिचक्या मारायचो."

राजश्रीनं कप खाली ठेवला.  मी मध्ये बोललो असतो तर आबा थांबले असते.

"नावं लिव्हलीस का त्यांची?"

"मला ठाऊकच न्हाईत आबा. तुम्ही कवा सांगितलीच न्हाईत."

"मंग घे पेन."

मी पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला उभ्यानंच लिहू लागलो. आबा एकेक नाव सांगत होते, पोलीस पाटलासमोर साक्ष द्यावी तसं, थांबून, स्पष्ट. "गेनबा. गाव गेन्या म्हणायचं, तू गेनबाच लिव्ह. सटवाजी. त्याचा एक डोळा अधू व्हता. किसन. आन् भिमाजी, माझा बाप." मग त्यांनी तोंड भिंतीवरच्या उन्हाकडं वळवलं. आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्यांनी ते मला नीट पाहू दिलं नाही.

"रंगुबाईबी लिव्ह," ते म्हणाले. "माझी आई. त्यांचे खांदे शेकायला पाणी तीच तापवायची. चौघांचेबी."

मी लिहिलं.

"पान भरलं का रं?"

"न्हाई आबा. लई जागा हाय."

"मंग बस खाली," आबा म्हणाले, आणि मांडी सावरून त्यांनी पलीकडच्या वस्तीतल्या ढोरं ओढणाऱ्या माणसांची नावं सांगायला सुरुवात केली.