साडेचारला एक सूत वर

वर्तुळ ही सृष्टीतली सर्वांत परिपूर्ण आकृती, असे थोर लोक सांगून गेले आहेत. त्यांच्यापैकी एकाच्याही पोटात ते नव्हते.

टाचणीबाईंच्या पोटात होते. सोनोग्राफीच्या दारासमोर, बाकाच्या अगदी कडेला बसून त्या चौथा ग्लास पाणी पीत होत्या. पाण्याने पोट तुडुंब भरल्याशिवाय आतले दिसत नाही, असा तिथला नियम. शेजारी त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर. कारखान्यांचे गणवेश मास्तर कापत आणि बाई शिवत. काम करताना बाईंच्या दातांत सदैव चार टाचण्या असत. म्हणून हे नाव, आणि म्हणूनच बोलणेही कमी.

महिन्यापूर्वीच्या रिपोर्टात लिहिले होते : डाव्या अंडाशयावर गाठ, ४.६. उजवे अंडाशय बाईंना चोविसाव्या वर्षीच सोडून गेले होते, अशाच एका गाठीसकट. आता त्या छत्तिशीच्या होत्या. मूल हवे होते आणि त्यासाठी जे काही शिल्लक होते ते सगळे डावीकडे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाचच्या वर गेली तर काढावी लागेल. काढताना अंडाशय वाचेलच, असा शब्द मी देत नाही."

बाईंनी मान डोलावली. विचारले काहीच नाही. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरीसुद्धा.

आकडा म्हटला की बाईंना इंचच दिसायचा. टेपच्या मागच्या अंगाला आणखी काही रेघा असतात हे त्यांना ठाऊक होते, पण तिकडे कधी जाणे झाले नव्हते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तेव्हा साडेचारला एक सूत वर, असा त्यांनी हिशेब केला. खाकी कागदाचे तेवढे वर्तुळ कापले, दार लावले आणि आरशासमोर ते बेंबीखाली धरले.

बशी! अख्खी बशी आत मांडून ठेवल्यावर पोराने बसायचे कुठे? आणि पाचाला फक्त तीन सूत बाकी. तीन सूत तर शिवणीतही जातात.

कागद लपवायला कागदांच्या गठ्ठ्यासारखी जागा नाही. बाईंनी ते वर्तुळ दुकानातल्या कॉलर-खिशांच्या नमुन्यांत सारले आणि मास्तरांना एवढेच सांगितले, "महिन्यानं परत तपासायला बोलावलंय."

त्यानंतर आठवडाभरातच मास्तर चांगले वागू लागले.

खाली पडलेली कात्री पायाने सरकवणारा हा माणूस. तो आता बाईंच्या हातातली इस्त्री काढून घेऊ लागला. "वाकू नकोस, मी उचलतो" म्हणू लागला. एके दिवशी मशीनच्या स्टुलावर उशी आली. ती पाहून बाईंनी ताडले. डॉक्टरांनी यांना एकट्याला गाठून काहीतरी सांगितलेय, नक्की. घरातले कुणी जाणार असल्याशिवाय हा माणूस उशी आणायचा नाही. त्या दिवसापासून त्या उशीवर बसायच्या, पण अर्ध्याच.

"अजून किती ग्लास?" बाकावरचे मास्तर काहीतरी गुणगुणत होते, ते थांबवून त्यांनी विचारले.

"दोन."

"पी, पी. दोघांना लागतं."

ग्लास ओठांशीच थांबला. "दोघांना?"

मास्तर इकडेतिकडे बघून हसले आणि खिशातून मूठ बाहेर काढली. मुठीत पांढऱ्या शर्टिंगच्या तुकड्यातून शिवलेली इवलीशी टोपी होती. "किती लपवशील? नमुना सापडला मला. वर नाव ना गाव. पण कडेनं टेप फिरवला तर साडेचौदा! अगं, साडेचौदाचं डोकं घेऊन जगात एकच गिऱ्हाईक येतं."

बाईंनी टोपीकडे पाहिले. माथा अगदी गोल होता. मास्तरांचा हात होता तो, सूतभरही चूक नव्हती.

"तो टोपीचा माथा नाही."

"मग?"

"माझी गाठ आहे ती. मापानं कापलेली."

मास्तरांनी टोपी सुलटी केली, उलटी केली. "एवढी?"

"पाचाला काढणार म्हणाल्या. त्यात सगळंच जाईल कदाचित. दुसऱ्या बाजूला माझ्याकडे काही नाहीच."

"म्हणजे... दिवस वगैरे..."

"नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही उशी आणलीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. मीच मरणारेय."

मास्तरांनी टोपी मांडीवर ठेवली. मग ते हळूच म्हणाले, "रडू नकोस गं. पाणी कमी होईल."

तेवढ्यात नंबर पुकारला.

आत अंधुक उजेड होता. पोटावर गार चिकट काहीतरी पडले, त्यावरून यंत्र फिरू लागले. डॉक्टरीणबाई बोलेनात. बाई छताकडे बघत सूत मोजत होत्या : एक, दोन, तीन. तीनच्या पुढे मोजायची हिंमत होईना.

"किती झाली?" शेवटी त्यांनीच विचारले. "साडेचारला एक सूत वर होती."

"काय वर?"

बाईंनी बोटांनी बशी करून दाखवली.

"इंच? अहो बाई, सेंटीमीटर! एवढी असती तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं का?" डॉक्टरीणबाई हसल्या, मग हसणे आवरून पडद्याकडे वळल्या. "चार पॉइंट एक. किंचित उतरलीय. आत्ता कापाकापी नको. तीन महिने थांबू, तुम्ही प्रयत्न चालू ठेवा. दिवस राहतील असं मी सांगत नाही. राहणार नाहीत असंही सांगत नाही."

"आणि अंडाशय?"

"आहे ना. हे काय."

पडद्यावर करडा धूर होता. बाईंनी तो नीट पाहून घेतला.

दार उघडले तेव्हा मास्तर बाकाच्या कडेला बसले होते, मघा बाई बसल्या होत्या तसेच. मांडीवर टोपी, बोटांत खिशातली छोटी कात्री, गुडघ्यांवर दोऱ्याचे पांढरे तुकडे. माथ्याची शिवण अर्ध्यावर उसवली होती. ते उठले.

"उसवू नका पुढं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे? काय म्हणाल्या त्या? अगं, सांग ना!"

"सांगते. आधी ही पर्स धरा, आणि बाथरूम कुठंय ते विचारा कुणालातरी. सहा ग्लास आहेत पोटात."