नुसत्या नावाची नोंदणी

विभागात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. नाव पडलं ते कामावरून. विद्यापीठाच्या मागच्या अंगाला पाण्याच्या जुन्या टाकीची लांबलचक दगडी भिंत होती आणि त्या भिंतीवर उगवलेल्या दगडफुलाचे चाळीस ठिपके ती दर मंगळवारी कॅलिपर लावून मोजायची. दगडफूल वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढतं. "अगं, माझी नखं याच्यापेक्षा जोरात वाढतात," असं प्रयोगशाळेतले मामा म्हणायचे. मामा तिथले शिपाई. किल्ल्या, चहा आणि सगळ्यांच्या खबरा त्यांच्या ताब्यात.

चौथ्या वर्षी तिच्या अण्णांना अर्धांगाचा झटका आला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, दादाला नोकरीतून सुटी मिळेना. दुसऱ्याच दिवशी ती नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या तीन नंबरच्या खिडकीत एक बाई बसत. चष्मा कपाळावर, आवाज हळू. पीएचडीच्या सगळ्या पोरापोरींचे कागद त्यांच्या हातून जात.

"सत्र सुरू व्हायच्या आत कुठली तरी नोंदणी हवीच," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "नाहीतर नाव कटतं. आणि एकदा कटलं की पुन्हा प्रवेश परीक्षेपासून सुरुवात."

"मग रजा द्या ना."

बाईंनी पडद्यावर बघितलं. "रजा दोनदाच मिळते. तुमच्या दोन्ही झाल्यात. कावीळ झाली तेव्हा एक आणि गाईड बदलल्या तेव्हा एक. पूर्ण नोंदणी घेतलीत तर दर आठवड्याला हजर राहावं लागेल."

"ते कसं जमणार? अण्णांना कूस बदलायलासुद्धा माणूस लागतं."

"मग एकच उरतं. नुसत्या नावाची नोंदणी. टेबल नाही, ग्रंथालय नाही, गाईडचा वेळ नाही. पण नाव चालू राहतं. सलग दोन सत्रं घेता येते." बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, पण हात त्याच्यावरच ठेवला. "तुम्ही परत येणार आहात ना?"

"म्हणजे काय! येणारच."

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात उचलला. तिने सही केली.

गावी आठ महिने गेले. सकाळी अण्णांना उठवून बसवायचं, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, त्यांत रबरी चेंडू द्यायचा. अण्णा बोलायला जायचे आणि वेगळाच शब्द यायचा. पाणी हवं असलं की म्हणायचे, "खिडकी." पहिल्यांदा दोघंही रडली, मग दोघं त्याला हसायला लागली. चौथ्या महिन्यात अण्णांनी तिला नावाने हाक मारली. आठव्यात ते सदऱ्याची बटणं स्वतः लावू लागले. दादाने बदली करून घेतली आणि म्हणाला, "जा आता. तुझी भिंत वाट बघत असेल."

ती सोमवारी सकाळी विभागात पोचली. मनात धाकधूक होती. टेबल कुणाला तरी दिलं असेल, गाईडबाई रागावल्या असतील, चौतीस मंगळवार बुडाले ते भरून कसे काढायचे. जिन्यात मामा भेटले. तिला वाटलं, आता ते ओरडतील, "अरे, कोण आलंय बघा!" मामा म्हणाले, "पुन्हा खाली गेली होतीस वाटतं?"

"कधी?"

"आत्ता नाही का, किल्ली घेऊन वर गेलीस ती."

ती हसली. मामांची थट्टा तिला ठाऊक होती. पण मामा हसले नाहीत. ते तिच्याकडे नीट बघत राहिले आणि म्हणाले, "आज बोललीस बरं का. पुष्कळ दिवसांनी."

प्रयोगशाळा उघडी होती. तिचं टेबल जागच्या जागी होतं, त्यावर धूळ नव्हती. मोजमापांची वही उघडी पडली होती. तिने पानं उलटली. ती गावी गेली त्याच्या पुढच्याच मंगळवारपासून नोंदी होत्या. चाळीस ठिपके, चाळीस आकडे, एकही मंगळवार न चुकता. तिचाच तिरका चार, तिचाच शेपटीवाला नऊ. शेवटची नोंद गेल्या आठवड्याची होती. वहीखाली प्रबंधाच्या एका नव्या प्रकरणाची पानं होती आणि त्यांवर गाईडबाईंच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या, दर आठवड्याची तारीख घालून.

ती खुर्चीवर बसली. मामा चहाचा कप घेऊन आत आले आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, "सवयीने आणतो. तू पीत नाहीस ते माहिताय मला. तसाच गार होतो. पण न आणणं बरं दिसत नाही."

तिने कप घेतला आणि एका दमात चहा संपवला. मामा दोन पावलं मागे सरकले.

"मामा, मी आठ महिने इथे नव्हते. अण्णांकडे होते."

मामा रिकामा कप उचलून बाहेर गेले. जाताना त्यांनी दार लावलं नाही, उलट ते पुरतं उघडून ठेवलं.

तिने कॅलिपर काढला आणि वही घेऊन भिंतीकडे गेली. कुणीतरी आपली चेष्टा करतंय, घरबसल्या आकडे लिहितंय, असं तिला वाटून घ्यायचं होतं. तिने पहिला ठिपका मोजला. वहीतला आकडा बरोबर. पाचवा, बारावा, तिसावा, सगळे बरोबर, दशांशापर्यंत. तिने स्वतः घेतलेली मोजमापंही कधी इतकी चोख नव्हती.

मग तिने काहीतरी आठवून वहीची जुनी पानं काढली. दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी ती तापाने पडून होती. भिंतीपाशी गेलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात तिने मागचे आकडे बघून त्या दिवशीचे चाळीस आकडे अंदाजाने भरले होते. हे तिने कुणाला, अगदी दादालाही सांगितलं नव्हतं. त्या पानावर आता चाळीसही आकड्यांवर एकेक बारीक रेघ मारलेली होती आणि समासात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, "पाहिलेले नाही."

भर दुपारच्या उन्हात तिने वही मिटली.

ती तडक तीन नंबरच्या खिडकीवर गेली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मोठा श्वास सोडला. "आलात तर."

"माझ्या जागी कोण आहे?"

"हळू बोला." बाईंनी मागे वळून बघितलं. "मी बावीस वर्षं या खिडकीत आहे. नाव चालू ठेवलं, माणूस गेलं, की कधीकधी असं होतं. सगळ्यांचं नाही होत. ज्यांचा जीव कामात अडकलेला असतो त्यांचं होतं. कुणी ग्रंथालयात दिसतं, कुणी नुसतं जिन्यात."

"आणि ते माणूस परत आलंच नाही तर?"

"दोन सत्रं संपली की नाव आपोआप कटतं. यादी माझ्याच हातून जाते." बाईंनी आवाज आणखी उतरवला. "एकदा एक मुलगा याच खिडकीशी येऊन उभा राहिला होता. यादी गेली त्या संध्याकाळी. काही मागत नव्हता. पाच वाजेपर्यंत उभा होता. नंतर नव्हता."

ती खिडकीपासून जरा बाजूला सरकली.

"तुमची मुदत आज संपते," बाई म्हणाल्या. "पूर्ण नोंदणीचा फॉर्म हा. पाचच्या आत सही करून द्या. एका नावावर दोन नोंदी चालत नाहीत. ही चढली की ती उतरते."

"उतरते म्हणजे कुठे जाते?"

"ते मला कसं माहीत असणार? मी फक्त शिक्का मारते."

फॉर्म तिथल्या तिथे भरून देता आला असता. बाईंनी पेनही पुढे केलं होतं. पण ती फॉर्म घेऊन बाहेर पडली. न बघता सही करणं तिला जमेना.

चार वाजून गेले होते. ऊन कलतं झालं होतं. टाकीच्या भिंतीच्या पार टोकाला कुणीतरी पाठमोरं उभं होतं. अंगात निळा कुडता, खिसा फाटलेला. तो कुडता ती गावी जाताना प्रयोगशाळेच्या खुंटीवर विसरली होती. ती व्यक्ती बोटाच्या पेरांनी दगडावरचा ठिपका मोजत होती. हातात कॅलिपर नव्हता.

ती जवळ गेली. दहा पावलांवर तिचे पाय थांबले. त्या बाईने मान वळवली नाही.

"अण्णा कसे आहेत?" आवाज तिचाच होता, पण बराच काळ न वापरलेला.

"बरे आहेत. बटणं लावतात आता."

"अण्णा आहेत एवढं माहिताय मला. त्यांचा चेहरा आठवत नाही. नावाबरोबर तेवढं आलं नाही."

भीती होती, पण पळून जावंसं वाटेना. भिंतीकडे बघतच तिने अण्णांचा चेहरा सांगायला सुरुवात केली. उजवी भुवई मधोमध तुटलेली, सायकलवरून पडले होते तेव्हाची. कान मोठे, दादाचे आहेत तसेच. हसताना आता तोंड एका बाजूला जातं, पण डोळे दोन्ही हसतात. पाण्याला खिडकी म्हणायचे तेही तिने सांगितलं. तेव्हा त्या बाईचे खांदे हलले. ती हसत होती की रडत होती, मागून कळलं नाही.

"तू थकली नाहीस?" तिने विचारलं.

"भूक लागत नाही. झोप येत नाही. मंगळवार मात्र येतो." मग जरा थांबून, "सही कर. पाच वाजतील."

"दुखेल का तुला?"

"माहीत नाही. पाहिलेलं नाही."

तिने फॉर्म दगडावर टेकवला. दगड खडबडीत, त्यामुळे सही वेडीवाकडी उठली. तिने वर बघितलं तेव्हा ती बाई पुढच्या ठिपक्याकडे सरकली होती आणि अजून पाठमोरीच होती. फॉर्म घेऊन ती धावत खिडकीवर गेली. पाचला सात मिनिटं कमी होती. बाईंनी सही बघितली, जुनीशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

ती परत भिंतीपाशी गेली. कुणी नव्हतं. निळा कुडता घडी घालून जमिनीवर ठेवलेला होता.

कुडता उचलायला ती वाकली आणि तिला भूक लागली. नेहमीची भूक नव्हे. आठ महिन्यांची साचलेली. ती कशीबशी कँटीनमध्ये गेली आणि समोर येईल ते खात सुटली. कँटीनवाल्याने तीनदा ताट भरलं आणि चौथ्यांदा विचारलं, "बरी आहेस ना गं?" मग खोलीवर जाऊन जी आडवी झाली, ती दोन दिवसांनी उठली. उठल्यावर तिला गावची दुपार आठवत होती, अण्णांनी पहिल्यांदा नावाने हाक मारली ती. आणि त्याच दुपारी नवव्या ठिपक्याची कड कशी उन्हाने कुरतडली होती, हेही आठवत होतं.

पुढच्या वर्षी तिने प्रबंध पूर्ण केला. प्रस्तावनेत एक वाक्य घातलं, "यांपैकी चौतीस आठवड्यांची मोजमापे मी प्रत्यक्ष हजर नसताना घेतली गेली आहेत." गाईडबाईंनी ते वाक्य वाचलं. वाद घालतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पान उलटलं.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. "मग ही कुणी घेतली?"

"माझ्याच नावाने नोंदणी असलेल्या एका विद्यार्थिनीने," ती म्हणाली.

परीक्षकांना ती गंमत वाटली. ते हसले, पुढचा प्रश्न विचारला, आणि अर्ध्या तासाने सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

बाहेर आल्यावर गाईडबाई तिच्याबरोबर चालू लागल्या. करड्या बाई, मोजकं बोलणाऱ्या. जिन्याशी आल्यावर त्या थांबल्या.

"तू गावी होतीस त्या दिवसांत मी एकदा तुला इथे हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "तू वळलीस."

"मग?"

"मग काय. मी काय बघितलं ते मला सांगता येत नाही. काही भयंकर नव्हतं. फक्त पुरतं भरलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मागच्या जिन्याने ये-जा करायला लागले."

"आणि तरी माझं प्रकरण वाचत होतात? दर आठवड्याला दुरुस्त्या करून देत होतात?"

गाईडबाईंनी कठड्यावर हात ठेवला आणि पहिली पायरी उतरल्या.

"प्रकरण चांगलं होतं," त्या म्हणाल्या.